औषधाभोवतीचं मोकळं कडं

मी काचेची ताटली बोलतेय. जेवणाची नव्हे. माझ्यात कुणी कधी घास कालवला नाही, आणि कालवूही नये. मी बंगळूरच्या एका दवाखान्यातल्या प्रयोगशाळेतली. तळहाताएवढी, गोल, बुटक्या काठाची. माझ्यावर माझ्याहून जरा मोठं काचेचंच झाकण. डॉक्टर मला 'प्लेट' म्हणतात. मला धुणारी यल्लव्वा मात्र 'ताटली' म्हणते. मला तेच नाव आवडतं.

माझं काम सांगायला सोपं आहे. माझ्यात आधी मेंढीचं रक्त मिसळलेली खळ ओतून थिजवतात. मग आजारी माणसाच्या जखमेतला पू कापसाच्या बोळ्यानं माझ्यावर सारवतात, आणि वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवतात. एक टिकली एका औषधाची. मला उबदार कपाटात ठेवलं की सकाळपर्यंत जंतूंची साय धरते. औषध लागू पडणार असलं, तर त्याच्या टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत. तिथं मोकळं कडं दिसतं. औषध फुकट जाणार असलं, तर जंतू टिकलीला खेटून उभे राहतात. कडं दिसलं की औषध, नाही दिसलं की दुसरी वाट. मी एवढंच सांगते, पण त्यावर कुणाकुणाचा जीव टांगलेला असतो.

माझा जन्म विलायतेतला. गवतात बांधून, बोटीनं मद्रासला आणि तिथून रेल्वेनं मी इथं आले, ते एकोणीसशे पन्नासनंतरच्या पहिल्या काही वर्षांत. आम्ही पुष्कळ बहिणी होतो. यल्लव्वानं आम्हांला एकेक करून गवतातून काढलं. ती बेळगावाकडची. "नीट ऱ्हावा गं बायांनो, फुटशीला तर बोलणी मला बसतील," ती आम्हांला म्हणाली. मी ऐकलेलं पहिलं मराठी ते.

दुसरं मराठी डॉक्टर मथुरा यांचं. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचंच. राहायला बसवनगुडीत. घरात मराठी, पण त्यात निम्मं कानडी मिसळलेलं. मद्रासला शिकून त्या जंतूशास्त्राच्या डॉक्टर झाल्या होत्या. मनगटावर वडिलांचं जुनं पुरुषी घड्याळ, पदर कमरेला खोचलेला. प्रयोगशाळेत कुणी केळं जरी घेऊन आलं, तरी त्याची धडगत नसे. सकाळी कपाट उघडताना त्या स्वतःशीच म्हणायच्या, "हं, बघू या कोण कोण आलंय."

ते दिवस आनंदाचे होते. पेनिसिलिनच्या टिकलीभोवती रुपयाएवढं कडं पडायचं. सडत चाललेला पाय घेऊन आलेला माणूस स्वतःच्या पायांनी चालत घरी जायचा. वॉर्डातले तरुण डॉक्टर मुद्दाम मला बघायला यायचे. मथुराबाई झाकणावरून बोट फिरवत म्हणायच्या, "हे बघा. एवढ्या जागेत एकही जिवंत नाही."

पुढे ते कडं लहान होऊ लागलं. रुपयाचं अधेलीएवढं झालं, मग चवलीएवढं. एका दिवसात झालं असतं तर सगळे दचकले असते. पण ते हळूहळू झालं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मथुराबाईंच्या आलं. त्या एकदा मला हातात घेऊन खिडकीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या होत्या.

प्रयोगशाळेसमोर एक रुंद व्हरांडा होता. त्यापलीकडे बाळंतिणींचा वॉर्ड. त्याचे प्रमुख डॉक्टर भीमाचार्य. ते धारवाडचे, मराठी चांगलं जाणणारे, कडक, आणि हाताला यश असलेले. त्यांच्या वॉर्डात बाई बाळंत झाली की तिला पेनिसिलिनची सुई ठरलेली. ताप असो वा नसो. बायकाही मागून घ्यायच्या. शेजारच्या खाटेवरचीला दिली आणि आपल्याला नाही, असं झालं तर रडायच्या.

मथुराबाई त्यांना म्हणाल्या, "सर, ज्यांना काही झालेलं नाही, त्यांना कशाला द्यायचं? जंतू निर्ढावत चाललेत."

भीमाचार्य म्हणाले, "मथुराबाई, तुम्ही जुने दिवस पाहिले नाहीत. मी पाहिलेत. बाळंतज्वरानं बायका डोळ्यांदेखत जायच्या आणि मी नुसता नाडी धरून बसायचो. आता ते थांबलंय. तुम्ही मला ते औषध कमी द्या म्हणता?"

मथुराबाई प्रयोगशाळेत परतल्या. ते खोटं बोलत नव्हते, हे त्यांना ठाऊक होतं.

त्याच वॉर्डात भाग्यलक्ष्मी नावाची नर्स होती. येलहंक्याची, तीही जुन्या मराठी घरातली. अंगानं किरकोळ, चालणं झपाझप. वॉर्डाच्या टोकाला एक पाळण्यांची खोली होती. तिथं सगळी नवजात बाळं एकत्र ठेवत आणि दूध पाजण्यापुरती आयांकडे नेत. त्या खोलीची मालकीण भाग्यलक्ष्मी. एकाच वेळी दोन बाळं दोन हातांवर घेऊन ती नुसत्या रडण्याच्या आवाजावरून कुठलं बाळ कोण हे ओळखायची.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं, ते त्या खोलीच्या खिडकीत. हवेतून काय काय पडतं ते बघायला मथुराबाईंनी मला तिथं उघडी ठेवली होती. कारण पाळण्यांतल्या बाळांच्या अंगावर पुवाचे फोड दिसू लागले होते. आधी एकाच्या बेंबीपाशी, मग दुसऱ्याच्या काखेत.

तिथंच मी गंगव्वालाही पाहिलं. चिकोडीकडची, नवरा देवाप्पा कापडगिरणीत. शहरात नवी आलेली, वॉर्डात सगळं कानडी भराभर चाललेलं, ती गोंधळून गेली होती. भाग्यलक्ष्मी तिच्याशी मराठीत बोलली आणि गंगव्वाचा चेहरा उजळला.

"अगं बाई, अक्का, तुमी मराठी बोलता?"

"बोलते की. आमची मराठी स्वल्प वेगळी लागेल तुला. हसू नकोस म्हणजे झालं."

गंगव्वाला मुलगी झाली होती. आधीचे दोन मुलगे, ही पहिलीच मुलगी. बारसं गावी जाऊन करायचं, म्हणून नाव नव्हतं. भाग्यलक्ष्मी तिला पुट्टी म्हणायची. कानडीत पुट्टी म्हणजे छोटी. पुट्टी रात्रंदिवस रडायची आणि भाग्यलक्ष्मीच्या खांद्यावर मात्र गप्प व्हायची. "तुमचाच लळा लागला बघा हिला," गंगव्वा कौतुकानं म्हणायची.

मग पुट्टीच्या बेंबीपाशी फोड आले. ताप चढला. भीमाचार्यांनी पेनिसिलिन सुरू केलं. मथुराबाईंनी फोडातला पू घेतला आणि तो माझ्यावर सारवला.

सकाळी कपाट उघडलं. माझ्यावर सोनेरी पिवळ्या ठिपक्यांची दाट साय होती. पेनिसिलिनच्या टिकलीला ते जंतू पार चिकटून बसले होते, जणू तिथं औषध नव्हतंच. आणखी दोन औषधांचीही तीच गत. एका नव्या औषधाभोवती कडं होतं. ते आमच्या दवाखान्यात नव्हतं, मद्रासहून मागवावं लागायचं. मथुराबाईंनी तार केली.

औषध आलं. पण तोवर पुट्टी गेली होती. तिच्याआधी आणि तिच्यानंतरही काही पाळणे रिकामे झाले.

आता मथुराबाईंनी शोध धरला. हे जंतू धडधाकट माणसाच्या नाकात बिनबोभाट राहतात. माणसाला कळतही नाही. तिथून ते बोटांवर येतात आणि बोटांवरून बाळाच्या अंगावर. त्यांनी वॉर्डातल्या नर्सांच्या नाकातले नमुने घ्यायचं ठरवलं. पोरी घाबरल्या. तेव्हा भाग्यलक्ष्मी सगळ्यांच्या पुढं येऊन बसली.

"माझं घ्या आधी. मथुराअक्का, शिंक आली तर रागावू नका हं."

मागच्या मुली हसल्या. बोळा तिच्या नाकात फिरला आणि माझ्यावर टेकला.

दुसऱ्या दिवशी मथुराबाईंनी झाकण उचललं आणि त्या स्टुलावर बसल्या. तेच सोनेरी ठिपके. त्याच टिकल्यांना जुमानत नव्हते, त्याच एका टिकलीला घाबरत होते. पुट्टीच्या फोडात होता तोच जंतू. यल्लव्वा मला धुवायला न्यायला आली, तर त्या म्हणाल्या, "ही राहू दे."

झाकणाला चिकटपट्टी लावून त्यांनी मला भीमाचार्यांच्या टेबलावर नेलं.

"कुणाच्या नाकातला?"

त्यांनी लगेच नाव सांगितलं नाही. "सर, हे एकच नाक नसणार. मला सगळ्यांचे नमुने घेऊ द्या. डॉक्टरांचेही."

"सापडलं ना? मग पुन्हा कशाला गोंधळ? कोण आहे ती?"

नाव सांगावं लागलं. भाग्यलक्ष्मीला त्याच दिवशी वॉर्डातून काढलं. दवाखान्यात बातमी लपत नाही. दुपारपर्यंत स्वैपाकघरातसुद्धा सगळ्यांना कळलं होतं की बाळं कुणामुळे गेली.

ती मथुराबाईंना भेटायला प्रयोगशाळेत आली. आत आली नाही, उंबऱ्याशीच थांबली. हात पदराखाली घेतलेले. तेवढ्यात व्हरांड्यातून गंगव्वा आली. तिला अजून घरी सोडलेलं नव्हतं. भिंतीला धरून चालत होती.

"अक्का, लोक बोलालेत ते खरं काय हो?"

भाग्यलक्ष्मीनं मान वर केली. "खरं आहे."

"तुमीच तर तिला सारखी घेत होता."

"हो."

गंगव्वानं शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली. मग खाली बसली आणि भिंतीला डोकं टेकून रडू लागली. भाग्यलक्ष्मीचा हात तिच्या खांद्याकडे गेला आणि मध्येच थांबला. तो मागं घेऊन ती निघून गेली. मथुराबाई तिला हाका मारत व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेल्या. ती वळली नाही.

दुसऱ्या दिवशी मथुराबाईंनी कुणालाही न विचारता एक गोष्ट केली. नवा बोळा घेतला, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या नाकातला नमुना घेतला. तो माझ्या एका बहिणीवर वाढवला. कपाटात ती माझ्या शेजारीच होती. सकाळी तिच्या अंगावर माझ्यासारखेच सोनेरी ठिपके होते.

त्यांनी आम्हां दोघींना शेजारी शेजारी ठेवून भीमाचार्यांना बोलावून आणलं.

"ही भाग्यलक्ष्मीची. आणि ही माझी."

"तुमची?"

"मी वॉर्डात येते, बाळांना हात लावते. मलाही काढा, सर."

भीमाचार्य रागीट होते, पण सरळ होते.  त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, खुर्ची ओढली आणि मान मागं टाकून म्हणाले, "घ्या माझंही."

पुढच्या सकाळी ते राउंडच्या आधी स्वतःच आले. मथुराबाईंनी कपाट उघडून तिसरी ताटली आम्हां दोघींशेजारी ठेवली. भीमाचार्य वाकले.

"यातली माझी कुठली आणि त्या मुलीची कुठली?"

"ओळखू येत नाही, सर."

"येत नाही," ते म्हणाले. आणि परत म्हणाले, "येत नाही."

मग त्यांनी विचारलं, "पण हा आपल्याकडे आला कुठून?"

त्यासाठी मथुराबाईंनी आणखी काही आठवडे काम केलं. बाळंतपणासाठी बाई वॉर्डात पाऊल टाकताच तिच्या नाकातला नमुना, आणि घरी जायच्या दिवशी पुन्हा एक. त्यात मीही होते आणि माझ्या सगळ्या बहिणीही. घरून येणाऱ्या बायकांच्या जंतूंना पेनिसिलिन अजून मारत होतं. चांगलं मोठं कडं पडायचं. त्याच बाया घरी जाताना मात्र निर्ढावलेला जंतू घेऊन जात होत्या.

"म्हणजे बाहेरून आला नाही," भीमाचार्य हळूच म्हणाले. "इथंच पोसला."

"सर, औषध वाईट नाही. पण जिला काही झालेलं नाही, तिला दिलं की साधे जंतू मरतात आणि न मरणाऱ्याला सगळं घर मोकळं मिळतं. भाग्यलक्ष्मीनं तो आणला नाही. आपण दिला तिला."

वॉर्डाच्या प्रमुखाला असं कुणी बोलत नसे. पण ते ऐकून घेऊन गेले, आणि गेल्यावर जे केलं ते पक्कं केलं. सरसकट सुया बंद झाल्या. पाळण्यांची खोली बंद करून बाळं आईच्या खाटेशेजारी ठेवली. दारात हात धुवायला बेसिन बसवलं, आणि भीमाचार्य सगळ्यांसमोर कोपरापर्यंत हात धुऊन मगच आत जाऊ लागले. ज्यांच्या नाकात जंतू सापडला, त्या सगळ्यांना नाकात लावायचं मलम मिळालं. त्यात डॉक्टर पुष्कळ निघाले.

"त्या मुलीला परत बोलवा," ते मथुराबाईंना म्हणाले. "मी बोलतो तिच्याशी."

भाग्यलक्ष्मी येलहंक्याहून रेल्वेनं आली. मलम वापरून झालं होतं, पुन्हा नमुना द्यायचा होता. तो याही वेळी माझ्यावरच आला. दुसऱ्या दिवशी ती निकाल बघायला बसली होती. मथुराबाईंनी झाकण उघडून मला तिच्यापुढं ठेवलं. सोनेरी ठिपका एकही नव्हता.

"गेला, भाग्या. नाक स्वच्छ आहे तुझं. आणि ऐक, माझ्याही नाकात होता, सरांच्याही. तू एकटी नव्हतीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण माझ्याही नाकात होता ना, अक्का?"

"होता."

"आणि पुट्टीला सगळ्यात जास्त मीच घेत होते."

मथुराबाईंनी ते नाकारलं नाही. खोटं सांगायची त्यांना सवय नव्हती.

तेवढ्यात भीमाचार्य आले. तिच्यासमोर उभे राहून म्हणाले, "सिस्टर, मी घाई केली. चूक माझी. आपली जागा तशीच आहे, परत या."

ती उठून उभी राहिली. "सर, आमच्या अण्णाला मुलगा झालाय. घरात आहे. वहिनी म्हणते घ्या, मला नाही घेता येत. हात पुढं जातच नाहीत. वॉर्डात येऊन काय करू मी?"

 भीमाचार्य मान हलवून निघून गेले.

मथुराबाईंनी मात्र तिला जाऊ दिलं नाही. "सरी, ठीक आहे. वॉर्डात नको येऊस. इथं ये. दर महिन्याला प्रत्येक वॉर्डातले नमुने घ्यायचे आणि कडी मोजायची. कुठल्या औषधाचं कडं आकसतंय ते आधी कळलं, तर निदान पुढच्या बाळाच्या वेळी आपण आंधळे नसू. मला एकटीला होत नाही."

ती हो म्हणाली.

अशी भाग्यलक्ष्मी आमच्याकडे आली. ती खळ ओतायला शिकली, टिकल्या ठेवायला शिकली, आणि पट्टी धरून कडी मोजायलाही. मथुराबाई शिकवायच्या, ती मन लावून शिकायची. कामात बोलायची कमी. वॉर्डांतले नमुने ती आणायची. पण बाळंतिणींच्या वॉर्डातले दुसऱ्या कुणाला तरी आणायला सांगायची. मध्ये फक्त एक व्हरांडा होता. तिकडून एखादं बाळ रडलं की तिचा हात क्षणभर थांबायचा. मग पुन्हा चालू व्हायचा.

ती वर्षं बरी गेली. पाळण्यांतले फोड कमी झाले. एक दिवस भाग्यलक्ष्मीनं मला उजेडात धरून म्हटलं, "अक्का, बघा, पेनिसिलिनचं कडं स्वल्प वाढलंय." मथुराबाई धावत आल्या, आणि दोघी माझ्यावर वाकून बसल्या. पूर्वीच्या रुपयाएवढं नव्हतं ते. पण होतं.

मग भीमाचार्य निवृत्त झाले. त्यांच्या जागी दुसरे आले, त्यांच्यानंतर तिसरे. साठच्या पुढं नवी नवी औषधं येऊ लागली. चकचकीत बॅगा घेतलेले कंपन्यांचे लोक वॉर्डात फिरायचे आणि औषधांच्या फुकट बाटल्या वाटायचे. प्रत्येक नवं औषध सगळ्यांना, आणि लगेच. मथुराबाई दर महिन्याला जाऊन सांगायच्या. कुणी ऐकून घेई, कुणी हसून म्हणे, "मॅडम, हे नाही चाललं तर पुढचं येईल की." दारातलं बेसिन गळू लागलं, ते कुणी दुरुस्त केलं नाही. एकेका टिकलीचं कडं आकसत गेलं. भाग्यलक्ष्मी मोजायची, मथुराबाईंना आकडा सांगायची आणि मला बाजूला ठेवायची.

मग विठाबाईची वेळ आली. तरुण बाई, निपाणीकडची, नवरा शहराबाहेर पीण्या नावाच्या वसाहतीतल्या नव्या कारखान्यात लागलेला. पोट चिरून बाळ काढलेलं. बाळ छान होतं. पण टाके पिकले, आणि विष रक्तात उतरलं. तिच्या रक्तातला जंतू आधी बाटलीत वाढवला आणि मग माझ्यावर पसरला. दवाखान्यात होती नव्हती तेवढ्या सगळ्या औषधांच्या टिकल्या माझ्यावर ठेवल्या. इतक्या टिकल्या मी एकाच वेळी कधी अंगावर घेतल्या नव्हत्या.

सकाळी भाग्यलक्ष्मीनं झाकण उचललं. एकाही टिकलीभोवती कडं नव्हतं. जंतू सगळीकडून टिकल्यांना भिडले होते. तिनं पट्टी हातात घेतली होती, ती तिनं खाली ठेवली. मोजायला काही नव्हतंच.

मथुराबाईंनी येऊन पाहिलं. आता त्यांचे केस पिकले होते. वॉर्डातून तरुण डॉक्टर स्वतः धावत आला होता.

"मॅडम, कुठलं देऊ?"

मथुराबाई एकेक टिकली पुन्हा तपासत होत्या.

"मॅडम, काहीतरी सांगा. तिचा नवरा बाहेर उभा आहे."

"मद्रासला, मुंबईला विचारते मी," त्या म्हणाल्या.  "तोवर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही."

तो गेला.  मग भाग्यलक्ष्मी उठली. नळापाशी जाऊन तिनं साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. कोरडे केले.

"कुठं चाललीस?" मथुराबाईंनी विचारलं.

"तिला देण्यासारखं औषध नाही ना, अक्का? मग कुणीतरी जवळ तर बसायला पाहिजे."

आणि ती व्हरांडा ओलांडून गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. यल्लव्वा दारात येऊन तिच्याकडे बघत राहिली.

ती परत आली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. साडी चुरगळलेली, डोळे लाल. स्टुलावर बसली. मथुराबाईंनी तिला पाणी दिलं. ते तिनं संपवलं.

"गेली," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "शेवटपर्यंत शुद्धीवर होती. चमच्यानं पाणी घेत होती. मराठीत बोलत होती. एकच विचारायची सारखं, बाळ दूध पितंय का म्हणून."

"पितंय?" मथुराबाईंनी हळूच विचारलं.

"पितंय." तिनं दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. "मीच पाजलं, अक्का. मांडीवर घेऊन. तिनं डोळे मिटायच्या आधी बघितलं."

मथुराबाईंनी तिचे हात आपल्या हातांत घेतले आणि पहिल्यांदा त्या तिच्यासमोर रडल्या.

दुसऱ्या दिवशी वाफेच्या भांड्यातून काढताना माझ्या काठाला चीर गेली. यल्लव्वा म्हातारी झालीय, तिचा दोष नाही. चीर गेलेली ताटली कामाची नसते. खळ झिरपते, आणि जंतूही. आता मला फुटक्या काचेच्या डब्यात ठेवलंय. डबा न्यायला माणूस येईल तेव्हा मी जाईन.

जाण्याआधी एक मागते. तुम्हांला, तुमच्या लेकराला ताप येईल, आणि डॉक्टर म्हणेल, या तापाला हे औषध नको. तेव्हा त्याच्यावर रुसू नका, दुसऱ्याकडे जाऊन मागू नका. औषध घ्यायला सांगितलं, तर मध्येच सोडू नका. बाळंतिणीजवळ जाताना हात धुऊन जा. आणि डॉक्टर लोकहो, मथुराबाईंसारखं कुणी तुमच्या दारात येऊन सांगू लागलं, तर त्यांना चहा विचारण्याआधी त्यांचं ऐका.

माझ्या जागी नव्या ताटल्या आल्यात. आज सकाळी भाग्यलक्ष्मी त्यांना गवतातून काढत होती. त्यांच्यावर कुणाकुणाचं नशीब वाढेल ते मला ठाऊक नाही. त्यांना कडी मोठी मिळोत. येते मी.